संगणक-स्मृतीचा वेग
संगणकाची मुख्य स्मृती (रॅम) व प्रक्रियक म्हणजे प्रोसेसर यांच्या दरम्यान एका सेकंदात किती माहिती नेता-आणता येते आणि मागितलेली माहिती हाती येण्यास किती काळ लागतो, या दोन गोष्टी मिळून स्मृतीचा वेग ठरतो. टेबलावर ठेवून वापरावयाच्या (डेस्कटॉप) संगणकात हा वेग ग्राहकाला निवडता येतो व काही मर्यादेत जुळविताही येतो. स्मृतिपट्टीच्या वेष्टनावर छापलेला आकडा हा तिचा अंगभूत वेग होय, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः ठराविक विद्युत् दाब व ठराविक कालमाने दिली असता पट्टी ज्या वेगापर्यंत चालते, ती उत्पादकाने तपासून सांगितलेली मर्यादा म्हणजे हा आकडा होय. पुष्कळदा तो वेग मागितल्याशिवाय मिळत नाही आणि मागितला तरी प्रत्येक संगणकात तो निर्दोषपणे मिळेलच, असे नाही. म्हणून निवड, मांडणी व चाचणी या तिन्ही पायऱ्या पार पडल्यावरच स्मृतीचा वेग खऱ्या अर्थाने निश्चित होतो.

रचना व कार्य : मुख्य स्मृतीतील प्रत्येक बिट (० किंवा १ यांपैकी एक अंक) एका सूक्ष्म धारित्रातील (विद्युत् भार साठविणाऱ्या घटकातील) भाराच्या रूपाने साठविलेला असतो आणि त्या धारित्राकडे जाणारी वाट एका ट्रँझिस्टरने उघडली वा बंद केली जाते. एक ट्रँझिस्टर व एक धारित्र यांची ही कोठी अमेरिकन अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ मध्ये कल्पिली व १९६८ मध्ये तिचे एकस्व (पेटंट) दिले गेले. या कोठ्या चिपमध्ये ओळी व स्तंभ अशा जाळीत मांडलेल्या असतात. माहिती वाचताना प्रथम एक संपूर्ण ओळ उघडली जाते, नंतर तीतील हवा तो स्तंभ निवडला जातो आणि दुसरी ओळ हवी असल्यास पहिली बंद करून मंडल पुन्हा सज्ज करावे लागते. यांपैकी प्रत्येक क्रियेस लागणारा काळ भौतिक कारणांनी ठरलेला असून तो इच्छेनुसार कमी करता येत नाही. [⟶ अर्धसंवाहक, संगणक].

धारित्रातील भार हळूहळू झिरपून नाहीसा होतो. म्हणून प्रत्येक ओळ ठराविक काळाने वाचून पुन्हा भरावी लागते. डीडीआर४ प्रकारच्या स्मृतीत हे काम सर्व ओळींसाठी ६४ मिलिसेकंदांत एकदा पूर्ण होते. त्यासाठी ८,१९२ आज्ञा द्याव्या लागतात, म्हणजे सु. ७·८ मायक्रोसेकंदांस एक आज्ञा पडते. चिपचे तापमान ८५° से. च्या वर गेल्यास झिरप वाढते व हेच काम ३२ मिलिसेकंदांत उरकावे लागते. ताजेतवाने करण्याच्या या वेळात स्मृती अन्य कामास उपलब्ध नसते.

इतिहास : इंटेल कंपनीने १९७० मध्ये १,०२४ बिटांची ११०३ ही चिप विक्रीस आणली आणि तिने चुंबकीय गाभ्यांच्या स्मृतीची जागा घेण्यास प्रारंभ केला. पुढील दोन दशकांत प्रक्रियकांचा वेग झपाट्याने वाढला. परंतु स्मृतीतील कोठीपर्यंत पोहोचण्याचा काळ त्या मानाने फारच थोडा घटला. ही दरी बुजविण्यासाठी दोन उपाय योजण्यात आले. पहिला म्हणजे प्रक्रियकाच्या आतच थोडीशी अतिशय जलद स्मृती ठेवणे. पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅकने, स्थापना १९८८) १९९१ मध्ये पूर्ण केलेल्या ‘परम ८०००’ या महासंगणकात इनमॉस कंपनीचे टी८०० ट्रान्सप्यूटर वापरले होते. या प्रत्येक ट्रान्सप्यूटरच्या चिपवर ४ किलोबाइट एवढीच जलद स्मृती होती; बाकीची स्मृती चिपबाहेर व तुलनेने मंद होती. वारंवार लागणारी माहिती जवळ ठेवावी, हे तत्त्व आजच्या घरगुती संगणकाच्या प्रक्रियकातही कायम असून तेथे ही जवळची स्मृती कित्येक मेगाबाइट असते.

दुसरा उपाय म्हणजे एकदा ओळ उघडली की, तीतील अनेक शब्द सलगपणे व जलद पाठविणे. यासाठी स्मृती व तिचा नियंत्रक एकाच घड्याळ-स्पंदावर चालविण्यात आले. पुढे स्पंदाच्या चढत्या व उतरत्या अशा दोन्ही कडांवर माहिती पाठविणारी ‘दुहेरी दराची’ म्हणजे डीडीआर स्मृती आली. तिची मानके २००० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर डीडीआर२ (२००३), डीडीआर३ (२००७), डीडीआर४ (२०१२) व डीडीआर५ (२०२०) या पिढ्या आल्या. प्रत्येक पिढीत विद्युत् दाब कमी होत गेला : पहिल्या पिढीत तो २·५ व्होल्ट होता, तर डीडीआर४ मध्ये १·२ व डीडीआर५ मध्ये १·१ व्होल्ट आहे. डीडीआर४ व डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ संपर्कबिंदू असले, तरी त्यांच्या खाचेची जागा वेगळी असल्यामुळे एकीच्या खोबणीत दुसरी बसत नाही.

वेगाचे मापन : दुहेरी दरामुळे वेगाच्या आकड्यांविषयी नेहमी गोंधळ होतो. ‘डीडीआर४-३२००’ या नावातील ३,२०० हा आकडा घड्याळाची कंप्रता (एका सेकंदातील कंपनांची संख्या) नसून तो एका सेकंदात होणाऱ्या प्रेषणांची संख्या दशलक्षांत दाखवितो. घड्याळाची कंप्रता त्याच्या निम्मी म्हणजे १,६०० मेगॅहर्ट्झ असते. त्यामुळे एखाद्या तपासणी-कार्यक्रमाने १,६०० मेगॅहर्ट्झ दाखविल्यास आपली फसवणूक झाली, असे मानण्याचे कारण नाही. दुकानांत व जाहिरातींत मात्र ३,२०० याच आकड्यापुढे ‘मेगॅहर्ट्झ’ लिहिण्याची प्रथा रूढ झाली आहे.

एका प्रेषणात ६४ बिट म्हणजे ८ बाइट माहिती जाते. म्हणून प्रेषणांच्या संख्येला ८ ने गुणले असता एका वाहिनीची कमाल वहनक्षमता मिळते. डीडीआर४-३२०० साठी ती सेकंदास २५·६ गिगाबाइट येते. मदरबोर्डवर दोन वाहिन्या असून दोहोंत पट्ट्या बसविल्यास ती ५१·२ गिगाबाइट होते.

विलंबाचे मापन घड्याळाच्या फेऱ्यांत देतात. पट्टीवरील ‘१६-१८-१८-३८’ यासारख्या मालिकेतील पहिला आकडा, उघडलेल्या ओळीतील स्तंभ मागितल्यापासून माहिती येण्यास किती फेऱ्या लागतात, हे दाखवितो. फेऱ्यांची ही संख्या एकटी पाहून काही समजत नाही, कारण वेग वाढला की फेरीच लहान होते. खरा काळ नॅनोसेकंदांत (सेकंदाच्या अब्जाव्या भागांत) काढण्यासाठी फेऱ्यांच्या संख्येला २,००० ने गुणून नावातील आकड्याने भागावे. या रीतीने ३ फेऱ्यांच्या डीडीआर-४०० चा विलंब १५ नॅनोसेकंद येतो, ११ फेऱ्यांच्या डीडीआर३-१६०० चा १३·७५, २२ फेऱ्यांच्या डीडीआर४-३२०० चाही १३·७५ व ४० फेऱ्यांच्या डीडीआर५-४८०० चा सु. १६·७ नॅनोसेकंद येतो. म्हणजे दोन दशकांत एका वाहिनीची वहनक्षमता सेकंदास ३·२ गिगाबाइटवरून ३८·४ गिगाबाइट अशी बारा पट झाली. विलंब मात्र जवळजवळ जागच्या जागीच राहिला. निवडक चिपा वापरून केलेल्या १६ फेऱ्यांच्या डीडीआर४-३२०० पट्टीचा व ३० फेऱ्यांच्या डीडीआर५-६००० पट्टीचा विलंब सारखाच, १० नॅनोसेकंद असतो.

वेगाचा उपयोग कोठे होतो : पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रत्यूष’ या महासंगणकाच्या उदाहरणाने हा प्रश्न स्पष्ट होतो. त्याच्या प्रत्येक गणन-एककात दोन प्रक्रियक व १२८ गिगाबाइट स्मृती होती. २·१ गिगॅहर्ट्झच्या १८ गाभ्यांचा असा एक प्रक्रियक सेकंदास कमाल सु. ६०५ अब्ज गणितक्रिया करू शकतो. त्याच्या चार स्मृतिवाहिन्या २,४०० च्या कमाल दराने चालल्या, तरी सेकंदास ७६·८ गिगाबाइट म्हणजे आठ बाइटांच्या ९·६ अब्ज संख्याच आणू शकतात. म्हणजे स्मृतीतून एक संख्या येईपर्यंत सु. ६३ गणितक्रियांचा अवकाश असतो. हवामानाच्या प्रतिकृतीत वातावरणाचे असंख्य चौकोन पाडून प्रत्येकातील तापमान, दाब, आर्द्रता व वारा यांच्या संख्या पुनःपुन्हा आणाव्या लागतात आणि प्रत्येक संख्येवर त्या मानाने थोड्याच क्रिया होतात. अशा कामात प्रक्रियक बराच काळ माहितीची वाट पाहत थांबतो व गणनाचा वेग स्मृतीच ठरविते.

घरगुती वा कार्यालयीन कामांपैकी थोडीच या प्रकारची असतात. पत्रलेखन, हिशेब, संदेशवहन यांत लागणारी माहिती बहुतांशी प्रक्रियकातील जवळच्या स्मृतीतच सापडते. त्यामुळे जलद पट्टी घेऊनही फरक जाणवत नाही. याउलट ज्या संगणकात चित्रांसाठी स्वतंत्र कार्ड नसून प्रक्रियकातील चित्रण-विभाग मुख्य स्मृतीच वापरतो, त्यात स्मृतीची वहनक्षमता वाढविल्याचा लाभ स्पष्ट दिसतो. मोठ्या फाइली दाबून लहान करणे, चलत्‌चित्रांवरील संस्करण, शास्त्रीय गणने व काही खेळ यांतही कमी-अधिक लाभ होतो.

निवड : निवडीचा पहिला निकष वेग हा नसून धारणक्षमता हा आहे. चालू कामास स्मृती अपुरी पडली, तर संगणक जास्तीची माहिती तबकडीवर ठेवू लागतो. घन-स्थितीतील जलद तबकडीसही उत्तर देण्यास कित्येक हजार नॅनोसेकंद लागतात. ही हानी पट्टीचा वेग वाढवून भरून निघत नाही.

दुसरा निकष वाहिन्यांचा आहे. उदा., एखाद्या संगणकात ८ गिगाबाइटची डीडीआर४-२६६६ पट्टी एकटीच असेल, तर वहनक्षमता सेकंदास सु. २१·३ गिगाबाइट असते. ती काढून तिच्या जागी तेवढीच डीडीआर४-३२०० पट्टी बसविल्यास ती २५·६ गिगाबाइट होईल. जुनी ठेवून तशीच दुसरी पट्टी योग्य खोबणीत बसविल्यास मात्र ती सु. ४२·६ गिगाबाइट होते, शिवाय धारणक्षमताही दुप्पट होते. चार खोबण्यांच्या मदरबोर्डवर दोन पट्ट्यांसाठी बहुधा प्रक्रियकापासून दुसरी व चौथी खोबण वापरावी लागते. तरी मदरबोर्डची पुस्तिका पाहणे इष्ट.

तिसरा निकष प्रक्रियक व मदरबोर्ड यांच्या मर्यादेचा आहे. स्मृती चालविणारा नियंत्रक आता प्रक्रियकातच असतो व त्याच्या निर्मात्याने हमी दिलेला वेग पट्ट्यांच्या संख्येवर अवलंबून असतो. उदा., एएमडी कंपनीच्या रायझेन ७००० मालिकेसाठी (२०२२) दोन पट्ट्या असता ५,२०० व चार पट्ट्या असता ३,६०० एवढाच वेग सांगितलेला आहे. म्हणून पुढे कधी तरी आणखी दोन पट्ट्या घेण्याच्या हिशेबाने आज दोन लहान पट्ट्या घेण्यापेक्षा हव्या त्या एकूण धारणक्षमतेची दोन पट्ट्यांची जोडच घेणे श्रेयस्कर ठरते. एकाच वेष्टनातील जोड एकत्र तपासलेली असते. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीसारख्या बाजारपेठेत वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन पट्ट्या, नाव व वेग तोच असला तरी, भिन्न चिपांच्या असू शकतात. त्या एकत्र चालतातही. परंतु दोहोंना मानवेल अशा मंद कालमानांवर चालवाव्या लागण्याचा संभव असतो.

मांडणी : प्रत्येक पट्टीवर एक लहानशी कायम स्मृती असते व तीत पट्टीची मानक कालमाने नोंदलेली असतात. संगणक सुरू होताना बायॉस हा प्रारंभिक कार्यक्रम ही नोंद वाचतो व सर्वत्र चालेल असा सुरक्षित वेग लावतो. त्यामुळे वेष्टनावर ३,६०० छापलेली डीडीआर४ पट्टी पुष्कळदा २,१३३ किंवा २,४०० वरच चालत राहते व धन्याला वर्षानुवर्षे त्याचा पत्ता नसतो. छापील वेगाची कालमाने याच कायम स्मृतीत वेगळ्या नोंदीत असतात. इंटेलने २००७ मध्ये रूढ केलेल्या नोंदीस एक्सएमपी व एएमडीने २०२२ मध्ये आणलेल्या नोंदीस एक्स्पो असे नाव आहे. बायॉसमध्ये ही नोंद निवडली की वेग, विलंब व विद्युत् दाब एकदम बदलतात. डीडीआर४ साठी हा दाब बहुधा १·२ ऐवजी १·३५ व्होल्ट होतो. असा वेग प्रक्रियकाच्या हमी दिलेल्या मर्यादेपलीकडे असल्यास तो वेगवर्धन या सदरात मोडतो, म्हणून हमीच्या अटी आधी पाहाव्यात.

आकडे चढविताना प्रक्रियकाच्या अंतर्गत घड्याळाशी असलेले प्रमाणही पाहावे लागते. स्मृती एका मर्यादेपलीकडे नेल्यास नियंत्रक निम्म्या गतीने चालू लागतो व विलंब वाढतो. इंटेलच्या २०२१ पासूनच्या डेस्कटॉप प्रक्रियकांत या अवस्थांना ‘गिअर’ म्हणतात. रायझेन ५००० मालिकेत सामान्यतः ३,६०० व रायझेन ७००० मध्ये ६,००० च्या आसपास समतोल साधतो. त्यापुढील महाग पट्टीने काही कामे उलट मंदावू शकतात.

मांडणी बदलल्यानंतर प्रथम सुरू होताना संगणक प्रत्येक तारेवरील संकेतांची वेळ तपासून जुळवितो. डीडीआर५ मध्ये यास कित्येक मिनिटे लागू शकतात व तोवर पडदा कोरा राहतो. या वेळी वीज बंद करण्याची घाई करू नये. पुरेसा वेळ देऊनही संगणक सुरू न झाल्यास पुस्तिकेत दाखविल्याप्रमाणे बायॉसची नोंद पुसावी. त्यामुळे सुरक्षित मूळ मांडणी परत येते.

स्थैर्य व चाचणी : संगणक सुरू झाला म्हणजे मांडणी बरोबर आहे, असे सिद्ध होत नाही. मर्यादेच्या काठावर चालणारी स्मृती बंद पडतेच असे नाही; ती क्वचित एखादा बिट चुकवून पुढे चालू लागते. हिशेबातील ५,००० ही संख्या द्विमान पद्धतीत लिहिताना ४,०९६ दर्शविणारा बिट १ असतो. तेवढाच उलटला की त्या संख्येचे ९०४ होतात. ही चूक कोणताही इशारा न देता तबकडीवर लिहिली जाते, पुढे सुरक्षिततेसाठी काढलेल्या प्रतींतही उतरते व मूळ कागद हाती असल्याशिवाय सापडत नाही. खेळ मध्येच बंद पडणे ही गैरसोय होय. परंतु प्रबंधातील निरीक्षणे, दुकानाचे खाते किंवा कुटुंबाची छायाचित्रे बिघडणे ही हानी आहे. सेकंदाचा काही अंश वाचविण्यासाठी ती पत्करावी का, हा वेगाच्या निवडीतील खरा प्रश्न आहे.

योग्य मांडणीतही क्वचित चुका होतात. चिपच्या आवरणातील लेशमात्र किरणोत्सर्गी द्रव्यांतून निघणाऱ्या आल्फा कणांमुळे बिट उलटतात, असे इंटेलमधील टिमथी मे व मरे वुड्स यांनी १९७८ मध्ये दाखविले. विश्वकिरणांमुळेही तसे घडते. यासाठी महत्त्वाच्या संगणकांत ६४ बिटांसोबत ८ तपासणी-बिट ठेवतात. त्यांच्या साहाय्याने एक चूक आपोआप दुरुस्त होते व दोन चुका ओळखता येतात. डीडीआर५ चिपांत अंतर्गत दुरुस्तीची सोय असते. परंतु चिप व प्रक्रियक यांमधील वाटेत झालेली चूक तिला कळत नाही. अतिवेगामुळे होणाऱ्या चुका तर याच वाटेत पुष्कळदा घडतात.

नवी मांडणी केल्यावर मेमटेस्ट८६ यासारखा तपासणी-कार्यक्रम निदान एक रात्रभर चालवावा व एकही चूक आढळल्यास ती मांडणी त्याज्य समजावी. नंतर नेहमीचे जड काम करून पाहावे, कारण प्रक्रियक व चित्रकार्ड तापल्यावर पेटीतील हवाही तापते. पुण्यात डिसेंबरच्या थंडीत निर्दोष ठरलेली मांडणी एप्रिल-मेच्या दुपारी, बाहेरील तापमान ४०° से. च्या आसपास असता, ढासळू शकते. म्हणून उन्हाळ्यात चाचणी पुन्हा घ्यावी व पेटीतील धूळ काढून हवा खेळती ठेवावी. चूक आढळल्यास वेग एक पायरी उतरवावा, उदा., ३,६०० वरून ३,२०० वर आणावा. विलंबाच्या फेऱ्या तेवढ्याच ठेवाव्यात आणि पुन्हा तपासावे. मूळ वेगावरही चुका येत असतील, तर दोष मांडणीचा नसून पट्टीचा, खोबणीचा किंवा प्रक्रियकाचा असतो. अशा वेळी प्रत्येक पट्टी एकेकटी त्याच खोबणीत लावून पाहिल्यास सदोष पट्टी ओळखता येते व हमीच्या मुदतीत ती बदलून घेता येते.